बालवर्गाची चिठ्ठी

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, असं माझी बहीण म्हणते. असेल बाई. पण त्या शुक्रवारी वर्गात मी जे बोलले, ते रागाच्या भरात बोलले असं कुणी म्हणू नये. खरं तर बोलायला मला अकरा वर्षं उशीर झाला.

मी मिशनच्या शाळेत पहिलीला शिकवते. आमच्याकडे वाचनाची परीक्षा प्रार्थनेच्या पुस्तकातून घेतात. शाळा सुरू झाल्यापासूनची पद्धत. मोठ्या सिस्टर, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, वर्गात येतात, बाराव्या पानावरची सकाळची प्रार्थना एकेका मुलाला वाचायला लावतात आणि येतं की नाही ते लिहून घेतात. आता हीच प्रार्थना मुलं रोज सकाळी चॅपेलमध्ये घसा ताणून म्हणतात! झोपेतून उठवलं तरी धडाधड म्हणतील. मग वाचायचं काय, कपाळ? हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. पण माझा वर्ग दरवर्षी सगळाच्या सगळा पास व्हायचा, मला शाबासकी मिळायची, आणि मी मूग गिळून बसायचे.

या वर्षी गोगलगाय आली. हे नाव पोरांनी ठेवलं, मी नाही. तिची आई हॉस्पिटलच्या धुलाईघरात रात्रपाळी करते. सकाळी सुटली की घरी जाऊन या लेकीला आणि बालवर्गातल्या धाकट्याला घेऊन धावतपळत येते, तोवर चॅपेल आटोपलेलं असतं. पोरीला प्रार्थना पाठ असणार कुठून? आली तेव्हा एक अक्षर ओळखत नव्हती. डब्याच्या सुट्टीत मी तिला घेऊन बसायचे. अक्षरांचे पुठ्ठे जमिनीवर मांडायचे, ती आधी ओठातल्या ओठात जुळवायची, मग मोठ्याने. गेल्या महिन्यात तिने कपाटावरची 'हात लावू नये' ही पाटी आपणहून वाचली आणि चटकन हात मागे घेतला. मला इतकं हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही.

शुक्रवारी मोठ्या सिस्टर आल्या, समोर खुर्चीत बसल्या. पहिला उठला आमचा पोपट, वर्गातला सगळ्यात चुणचुणीत. पुस्तक उघडलं आणि एका दमात प्रार्थना संपवली. मी त्याच्या मागेच उभी होते. पुस्तक विसाव्या पानावर उघडलेलं होतं.

"शाबास!" सिस्टर म्हणाल्या.

मग एकामागून एक सगळे पोपट झाले. शेवटी गोगलगाय उठली. पान शोधलं, ओळीखाली बोट ठेवलं आणि एकेक अक्षर जोडत निघाली. दुसऱ्या ओळीला वर्ग फिदीफिदी हसायला लागला. तिसऱ्या ओळीला सिस्टरांनी घड्याळ पाहिलं.

"पुरे, बाळ." त्यांनी एका चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं आणि ती माझ्या टेबलावर ठेवली. "बाई, हिला सोमवारपासून बालवर्गात बसवा. पाया कच्चा आहे."

"तिचा चार वर्षांचा भाऊ बसतो तिथे!"

"मग सोबत होईल की."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. "सिस्टर, आज या वर्गात वाचलं ते हिने एकटीने. बाकीच्यांनी नुसती घोकंपट्टी ओकली. पोपटाचं पुस्तक बघा, अजून विसाव्या पानावर आहे!"

सिस्टरांनी पुस्तकाकडे पाहिलंसुद्धा नाही. "मुलांचं पान चुकतं कधी कधी. आणि अकरा वर्षं याच निकालावर तुम्ही सही करताय. तेव्हा तोंडाला कुलूप होतं?"

"होतं!" मी ओरडले. "लाज वाटते मला त्याची. पण माझ्या पापाची शिक्षा या पोरीला का?"

तेवढ्यात टेबलापाशी कुणीतरी पुटपुटताना ऐकू आलं. गोगलगायीने पुढे येऊन चिठ्ठीवर बोट ठेवलं होतं.

"हि... ला... हिला. वा... च... ता... वाचता." तिने श्वास घेतला. "येत... नाही. हिला वाचता येत नाही. बा... ल... बालवर्गात... पाठवावे."

या वेळी कुणी हसलं नाही. सिस्टर कानापर्यंत लाल झाल्या. त्यांनी पोरीच्या बोटाखालून चिठ्ठी ओढून घेतली, टराटरा फाडली आणि तुकडे मुठीत धरून उभ्या राहिल्या. माझ्याकडे बघवेना त्यांना.

गोगलगायीचा चेहरा उतरला. रिकाम्या टेबलावर तिचं बोट तसंच होतं.

"चुकलं का, बाई?" तिने विचारलं.

"नाही ग," मी म्हणाले. "एक अक्षरसुद्धा चुकलं नाही तुझं."