कडेचा हात

"फ्रेमवाले, माइक चालू करा," मोबाइलवरच्या बाई म्हणाल्या. वर्गात सगळे त्यांना याच नावाने ओळखत, आणि साठीला टेकलेल्या फ्रेमवाल्यांना त्याचा कोण अभिमान! कलेच्या आस्वादाचा हा ऑनलाइन अभ्यासक्रम लेकीने लावून दिला होता. तीन आठवड्यांत एकाही प्रश्नाला ते अडले नव्हते. उभा जन्म लोकांचे फोटो नि चित्रं चौकटीत बसवलेल्या माणसाला कुणी काय शिकवायचं?

बाईंनी एका चित्राच्या कडेवर कागद धरला. दोन बायकांपैकी आता एकच दिसत होती. "काय बदललं?"

"एकटी पडली बिचारी," फ्रेमवाले ठणकावून म्हणाले. "आधी कुणाकडे तरी बघून हसत होती. आता उगाचच हसतेय."

"वा! अगदी बरोबर."

मागे बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले. "अठ्ठावीस वर्षं मी दुसरं काय सांगतेय?"

फ्रेमवाल्यांनी भिंतीकडे पाहिलं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिला न सांगता त्यांनी तिचा एक फोटो फ्रेम केला होता. सोळा वर्षांची ती, मान वळवून हसणारी. मूळ फोटोत कडेला एक हात होता, तिची कॉलर सारखी करणारा. कुणाचा तरी हात मध्ये आलाय म्हणून त्यांनी तो सफाईने कापला, वर फोटो सुधारला म्हणून खूश झाले. तो तिच्या आईचा हात होता. कॅमेरा दिसला की पळ काढणाऱ्या त्या माउलीचा दुसरा एकही फोटो नव्हता. कापलेला तुकडा तोवर कचऱ्यात गेला होता. "एवढ्याशा हाताने काय बिघडलं?" असं म्हणत तेव्हापासून त्यांनी वेळ मारून नेली होती.

आज मात्र जीभ रेटेना. "चुकलंच माझं," ते म्हणाले. माइक चालूच होता, अख्ख्या वर्गाने ऐकलं. ऐकेनात का!

चार दिवस खपून त्यांनी नवी फ्रेम केली. फोटो एका बाजूला, आणि जिथे हात होता तिकडे वीतभर कोरा पुठ्ठा.

"अहो, फोटो मधोमध नाही बसला."

"नकोच मधोमध. ती जागा तुझ्या आईची."

तिने काचेवर, त्या कोऱ्या जागी, तळवा टेकला. बराच वेळ काढला नाही. मग डोळे पुसत म्हणाली, "आईने चांगलं झापलं असतं तुम्हाला. आणि मग पोटभर जेवायला घातलं असतं."

दुसऱ्या दिवशी दुकानात एक बाप तान्ह्या बाळाचा फोटो घेऊन आला. "मस्त आलाय ना, काका? फक्त ही कडेची बोटं तेवढी उडवा."

फ्रेमवाल्यांनी कटर खाली ठेवला. "कुणाची आहेत?"

"आजीची असतील बहुतेक."

"बहुतेक नाही चालायचं. घरी विचारून या. तोवर मी मोठी फ्रेम काढून ठेवतो."