घंटा न वाजल्याचे कारण

मी एक जुना रुळाचा तुकडा आहे. मित्रांनो, आमच्या भोर तालुक्यात रेल्वे नाही. त्यामुळे माझ्यावरून जे जायला हवं, ते इकडे कधीच येणार नाही, हे मला लवकर कळलं. भोरच्या एका भंगारवाल्याकडे मी सात वर्षं पडून होतो. तिथून एसटीने हिर्डोशीला आलो. कंडक्टरने माझं अर्धं तिकीट फाडलं. पुढे डोंगरातल्या वाडीवर मला चालत नेलं, म्हणजे चालले दुसरेच. शाळेपुढच्या आंब्याला मला तारेने टांगलं आणि मी घंटा झालो.

माझा आवाज चांगला आहे. स्वतःचं कौतुक नाही, पण पलीकडच्या डोंगरावर नाचणी खुरपणाऱ्या बाया माझा टोला ऐकून भाकरी सोडायच्या. मी वाजलो की गावाचं भलं होतं, अशी माझी समजूत होती.

मग सावळाराम फौजी घरी आले. शाळेसमोर, दोन खाचरं सोडून, त्यांचं घर. तोफखान्यात सतरा वर्षं काढून त्यांनी एक काळी ट्रंक आणली आणि सोबत अर्धशिशी. सरहद्दीवर एकदा त्यांची तोफ तीन दिवस थांबली नव्हती. चौथ्या दिवशी तोफ थांबली, पण फौजींच्या डाव्या कपाळातले दणके चालूच राहिले. ते दणके उठले की फौजींना उजेड टोचायचा, फोडणीच्या वासानं उलटी व्हायची आणि अंबूबाई, म्हणजे त्यांची बायको, खिडकीला ओलं पोतं लावायची.

पहिल्या वर्षी अशाच एका दिवशी मी साडेदहाचे टोले देत होतो. अंबूबाई बांधावरून अनवाणी पळत आल्या आणि त्यांनी मला दोन्ही हातांनी मिठी मारली. माझा आवाज त्यांच्या छातीत विरून गेला.

“बाई,” त्या म्हणाल्या, “ह्यो आवाज त्यांच्या डोळ्यात घुसतोय.”

मुख्याध्यापिका मैथिलीबाई भोरच्या. घरात तीन पिढ्या कारकुनीच्या. कारण लिहिल्याशिवाय या बाईंना शिंकही येत नसे. त्यांनी त्या दिवशी लॉगबुकात लिहिलं : ‘आज घंटा वाजवली नाही. कारण : श्री. सावळाराम फौजी यांचे डोके.’

तेव्हापासून खिडकीला पोतं दिसलं की मी गप्प. बाई हातातलं फडकं हलवायच्या, मुलं चपला काढून आत जायची. पाढे नुसत्या ओठांनी चालायचे. सतरा साते एकशे एकोणीस चुकणारा मुलगा ओठांनीही चुकायचा आणि बाई त्याला डोळ्यांनी रागवायच्या. संध्याकाळी लॉगबुकात तेच वाक्य, नवी तारीख.

इकडे फौजींची पेन्शनची लढाई चालू होती. अपंगत्वाच्या पेन्शनचा अर्ज एकदा फेटाळला, त्यावरचं अपीलही फेटाळलं. दुखणं नोकरीतलंच, हे वरच्यांना मान्य होतं. पण कितीदा दुखतं, याचा पुरावा कुठाय? डोकं दुखत असताना एसटीत बसवत नाही. न दुखताना पुण्याला लष्कराच्या वैद्यकीय बोर्डापुढे गेलं की डॉक्टर विचारायचे, “आज दुखतंय का?” फौजी खरं बोलायचे. म्हणायचे, “आज न्हाई.” डॉक्टर तेवढंच लिहायचे.

शेजारच्या मानसिंगाला हे फार आवडायचं. “काय फौजी, आज डोकं सुट्टीवर हाय व्हय?” तो पारावरून विचारायचा.

फौजी हसून पुढे जायचे. पण एकदा घरी आल्यावर त्यांनी ट्रंकेतला युनिटचा फोटो उलटा करून ठेवला. अंबूबाई शाळेत खिचडी करायच्या, चुलीपाशी त्या बाईंना म्हणाल्या, “पैशाचं मरू द्या. त्यांना खोटं पाडलं, ते त्यांना खातंय. आता एकच अपील उरलंय.”

त्याच महिन्यात केंद्रप्रमुख शरच्चंद्र साहेब तपासणीला आले. साहेब दर सहामाहीला येत, लॉगबुकावर ‘पाहिले’ लिहून सही-शिक्का मारत आणि एसटी गाठत. चार वेळा त्यांनी पाहिलं होतं, वाचलं नव्हतं. या खेपेला एसटी चुकली. पुढची चार तासांनी. करायला काहीच नसल्यामुळे साहेबांनी लॉगबुक वाचलं.

वाचून होताच त्यांनी लाल शाईत शेरा मारला : ‘दोन वर्षांत एकशे एकतीस दिवस घंटा वाजलेली नाही. कारण एका ग्रामस्थाचे डोके. ही बाब गंभीर आहे. सात दिवसांत खुलासा करावा.’ खाली सही, तारीख, गोल शिक्का.

संध्याकाळी फौजी शाळेत आले. “बाई, माज्यापायी तुमच्या नोकरीला डाग नको. वाजवा खुशाल. म्या सोसतो.”

“सोसल्याची नोंद मी कुठल्या रकान्यात करू, फौजी?” बाई म्हणाल्या आणि खुलासा लिहू लागल्या.

अंबूबाई परात पुसता पुसता थांबल्या. त्यांनी वाकून लाल शेरा अक्षर लावत वाचला. एकदा. मग पुन्हा.

“बाई, साहेबांनी दिवस मोजल्यात?”

“मोजलेत.”

“अन् शिक्काबी मारलाय?”

बाईंचं पेन थांबलं. पुणेकर डॉक्टरांना जे हवं होतं, ते साहेबांनी रागाच्या भरात, फुकट, लाल शाईत तयार करून ठेवलं होतं.

अपिलाला मलाही साक्षीला न्यायचा विचार झाला. पण माझं वजन अठरा किलो, शिवाय पुन्हा अर्धं तिकीट. फौजींबरोबर लॉगबुक गेलं, बाई गेल्या, अंबूबाई गेल्या. तिथे काय झालं ते मला बाईंनी मुलांना सांगितलेलं ऐकून माहीत आहे.

बोर्डाच्या मोठ्या डॉक्टरांनी सगळी पानं उलटली. एकशे एकतीस वेळा तेच वाक्य. शेवटी लाल शेरा. मग चष्मा काढून ते म्हणाले, “दोन वर्षांत एकशे एकतीस दिवस?”

“शाळेचं दिवस हायेत ते,” अंबूबाई म्हणाल्या. “रविवारी शाळा नसती साहेब, पर डोकं असतं.”

“आणि उन्हाळ्याची सुट्टी?”

“तवाबी डोकं घरीच असतं.”

दोन महिन्यांनी पत्र आलं. अपंगत्व तीस टक्के, कायमचं. मंजूर.

सगळी वाडी माझ्याकडे धावली. मला वाजवायचा हातोडा उचलला गेला. आणि तेवढ्यात कुणीतरी खिडकीकडे बोट दाखवलं. पोतं लागलं होतं.

मित्रांनो, तो जल्लोष तुम्ही पाहायला हवा होता. माणसं हात हलवून न वाजणाऱ्या टाळ्या देत होती. हलगीवाला हवेत काठ्या फिरवत होता. गुळाचा खडा मोडतानाही लोक तो पदरात दाबून मोडत होते. मानसिंगाने तर आपल्या कोंबड्याची चोच स्वतःच्या हाताने धरून ठेवली होती, दुपारपर्यंत.

दुसऱ्या दिवशी पोतं निघालं. फौजी इस्त्रीचा सदरा घालून, छातीला पदकं लावून बांधावरून आले. युनिटचा फोटो भिंतीवर सुलटा लागला आहे, असं अंबूबाई सांगत होत्या.

“तीसच टक्के?” मानसिंग म्हणाला. “मग उरलेलं सत्तर?”

“ते तुज्याशी बोलायला ठिवलंय,” फौजी म्हणाले आणि त्यांनी हातोडा उचलला.

इतक्या वर्षांत त्यांनी मला हात लावला नव्हता. मी घाबरलो होतो. ते वाजवत राहिले, पलीकडच्या डोंगरावरच्या बायांनी साडेनऊलाच भाकरी सोडली.

मित्रांनो, माझी तार गंजली आहे, तिला वर्षातून एकदा तेल द्या. आणि शेजारच्या कुणासाठी तुम्ही गप्प बसलात, तर तेही कुठेतरी लिहून ठेवा. बाईंनी त्या संध्याकाळी लिहिलं : ‘आज घंटा सत्तावीस टोले जास्त वाजली. कारण : श्री. सावळाराम फौजी यांचे डोके.’