पिळाचा घागरा

लता लेकीला लसीचा डोस देऊन घरी आली तेव्हा पोर रडून रडून खांद्यावर झोपली होती. दारात पाय टाकला आणि तिथेच थबकली. ओट्यावर गोधडी अंथरलेली, गोधडीवर निखाऱ्यांनी भरलेला तांब्या, आणि तांब्याच्या बुडाखाली तिचा मोरपंखी घागरा. सासू झुंबरबाई पदर खोचून, पाण्याचे हबके मारत, तांब्या फिरवत होत्या. बाजूला सात घागरे घड्या घालून रचलेले. सपाट. शाळेच्या गणवेशासारखे.

"आत्या, हे काय केलं?"

"देवचंदभाऊ येइ गया ना," झुंबरबाई तोंड वर न करता म्हणाल्या. "फाटकमांथीनच वरडना, ते चुरगळेल घागरा उद्या दुकानमां येऊ द्या म्हणे. चुरगळेल! मन्ही सूनना कामले नाव ठेवस का तो? मी बठ्ठा सपाट करी टाका. आते दखू दे त्याले."

लता उंबऱ्यावरच बसली.

त्यात सासूची तरी काय चूक? त्या घागऱ्याला धड नावच नव्हतं. धुळ्यात तो आला सुरतेकडून, देवचंदभाऊंच्या दुकानात नमुन्याचा एक. पातळ सुती कापड, पायघोळ, भरपूर घेर, आणि कमरेपासून खालपर्यंत बारीक बारीक चुण्या, जणू कुणी मुठीत धरून ठेवला होता. कॉलेजच्या पोरी त्याला जिप्सी म्हणायच्या, सुरतेचा व्यापारी क्रश म्हणायचा, आणि देवचंदभाऊ सरळ चुरगळलेला म्हणायचे. "तुला जमेल का असा?" त्यांनी लताला विचारलं होतं. "नवरात्राआधी आठ शिवून दे. खपले तर वर्षभर काम तुझंच. घरी बसून कर, लेकरू मांडीवर घेऊन कर."

त्या शेवटच्या वाक्यावर तिने होकार दिला होता. नवरा अभिमन केळीच्या ट्रकवर, रावेरहून कधी दिल्ली तर कधी कानपूर, पंधरा पंधरा दिवस घरी नाही. दसऱ्यानंतर कापसाचं जिनिंग सुरू होणार होतं आणि मुकादमीण बेबाबाईने तिचं नाव धरून ठेवलं होतं. मागच्या वर्षी लता पोटुशी असताना तिथे गेली होती. हवेत उडणारी रुई नाकातोंडात जायची. तिथे नऊ महिन्यांचं लेकरू न्यायचं कसं, आणि न न्यावं तर अंगावरचं पाजायचं कधी?

म्हणून आठ दिवस ती एकटीच झटली. शिवलेला घागरा ओला करायचा, बारीक निऱ्या घालायच्या, एक टोक खिडकीच्या गजाला बांधायचं आणि दुसऱ्या टोकाने पीळ देत राहायचं. दोरखंडासारखा झाला की सुतळीने आवळून उन्हात टाकायचा. दिवसाला एक. सासूला वाटे, सून कपडे वाळत घालते.

लता हे सगळं सांगत गेली तसा झुंबरबाईंच्या हातातला तांब्या खाली आला. "म्हणजे तो चुरगळेलच पाहिजे व्हता?"

"हो."

"आन मी..." त्यांनी घड्यांकडे पाहिलं. मग एकदम उठल्या आणि बादली ओढली. "तू एकटी पिळे? खिडकीले बांधीसन? मी काय मरेल शे का?"

"आत्या, उद्या सकाळी द्यायचेत."

"मंग रडत कसाले बसनी? लुगडं पिळतस तसंच ना? धर."

लेकीला झोळीत टाकलं आणि दोघी अंगणात समोरासमोर उभ्या राहिल्या. आठही घागरे पुन्हा पाण्यात गेले. लताने निऱ्या घालायच्या, एक टोक सासूच्या हाती द्यायचं. झुंबरबाईंनी उभं आयुष्य नऊवारी पिळलेली. मनगट फिरलं की लताच्या हातातून टोक सुटू पाहायचं.

"हळू, आत्या!"

"हळू काय? पोर जन्माले घातीस, घागरा धरता येत नही?"

लताला हसू फुटलं, हात ढिला पडला, अर्धा पीळ उलगडला. झुंबरबाई आधी रागावल्या, मग त्याही हसायला लागल्या. दुपार कलायच्या आत आठ वेटोळी पत्र्यावर पडली. ऑक्टोबरचं ऊन, खालून पत्रा तापलेला. दुसऱ्या दिवशी दहा वाजता सुतळ्या सोडल्या तर चुण्या नमुन्यापेक्षा बारीक निघाल्या.

दुकानात झुंबरबाईही आल्या, नात कडेवर घेऊन. पहिल्याच गिऱ्हाइकाने, एका पोरीच्या आईने, मोरपंखी घागरा दोन बोटांत उचलला.

"नवा कपडा आणि असा बोळा?"

"चुरगळलेलाच असतो ताई, फॅशन आहे," देवचंदभाऊ म्हणाले.

"घरी काय चुरगळलेले कपडे कमी आहेत? इस्त्रीचा दाखवा."

पोरीचं तोंड उतरलं. लताने काउंटरची कड घट्ट धरली. देवचंदभाऊ नेपाळी, गुजराती, काय काय नावं सांगत सुटले, आणि बाई पायरी उतरायला निघाली.

"ओ बाई!" झुंबरबाई पुढे झाल्या. "चुरगळेल नही. हाऊ पीळना घागरा शे."

"कसला?"

"पीळना. दोन बाया लागतस एक पीळ देवाले. एक इकडथीन, एक तिकडथीन. चुरगळाले काय, कोन्ही बी चुरगाळी." त्यांनी घागरा पोरीच्या कमरेला लावला. "फिर व माय. लाजू नको."

पोरगी फिरली. चुण्या उघडल्या, घेर दुकानभर पसरला, आणि ती थांबताच सगळ्या चुण्या आपापल्या जागी परत मिटल्या.

आईने घागऱ्याची कड हातात घेतली. या वेळी पाची बोटांनी. "पिळाचा होय," ती हळूच म्हणाली. "धुतल्यावर?"

"परत पिळा. ह्या पोरीले धरा दुसऱ्या टोकाले."

मायलेकी एकमेकींकडे पाहून हसल्या. मोरपंखी गेला. दुपारपर्यंत आणखी पाच गेले. देवचंदभाऊंनी पुठ्ठ्यावर "पिळाचा घागरा" असं लिहून दारात टांगलं आणि मलमलचा एक अख्खा तागा काढून लतापुढे ठेवला.

"दिवाळीपर्यंत जमतील तेवढे. मग पुढचं आहेच. पण जिनिंगला जाणार होतीस ना तू?"

लताने उत्तर द्यायला तोंड उघडलं तोच लेकीने भोकाड पसरलं. भूक लागली होती. झुंबरबाईंनी पोर तिच्या हवाली केली आणि तागा काखेत मारला.

"बेबाबाईले मी सांगस जाईसन," त्या म्हणाल्या. "तू बस आडोशाले. पोरले पाज."