दोनापासून सुरू होणारी टेप

बायको गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा इस्त्रीकाकांच्या हातात तिच्या व्हॅनची किल्ली होती, आणि व्हॅन काही त्यांना चालवता येत नव्हती. "छातीत जरा दुखतंय" म्हणत तीच ती चालवत दवाखान्यात आली होती. काका शेजारी बसून होते. शेवटी गॅरेजच्या मिस्त्रीने दोर बांधून व्हॅन घरी ओढून आणली.

आठ महिने ती दारात उभी राहिली. इंजिन जाम झालं. लेक म्हणाली, "बाबा, भंगारवाल्याला देऊन टाकू. तुम्ही कुठे चालवताय?"

"शिकेन."

"तुम्ही? क्लच कुठला नि ब्रेक कुठला, हे चाळीस वर्षं आईला विचारत होतात."

"मग बिनक्लचची करून घेतो."

काका हट्टालाच पेटले. लेकीने महिन्याची मुदत दिली. "स्वतः चालवत कोपऱ्यापर्यंत नेलीत, तर राहील. नाहीतर भंगारात."

मिस्त्रीला कल्पना आवडली. मागून चेपलेल्या एका नव्या गाडीचं इंजिन, आपोआप गिअर टाकणाऱ्या गिअरबॉक्ससकट, भंगारात मिळत होतं. "बॉनेटखाली लांबी किती, मोजून फोनवर सांगा," तो म्हणाला. काकांनी बायकोच्या शिलाईच्या डब्यातली टेप काढली, चष्मा लावला आणि ऐटीत आकडा सांगितला. "बत्तीस इंच. दोनदा मोजलंय."

इंजिन आलं. सोबत वायरींचं जंगल आलं.

"हे सगळं लागतं?"

"कॉम्प्युटरवालं आहे काका. नवी सून माहेरचं सामान सोडून येते का?"

साखळीने इंजिन उचललं, खाली सोडलं, ते मध्येच अडकलं. मिस्त्रीने ढकललं, दाबलं, शेवटी इंजिनाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग आपली टेप लावली. "काका, बत्तीस कुठून आणलेत? इथे तीसच आहेत!"

काकांनी पुरावा म्हणून टेप पुढे केली. लेकीने ती पाहिली आणि मटकन पायरीवर बसली. "बाबा! आईची टेप दोनापासून सुरू होते. टोक झिजलं म्हणून तिनेच कापलं होतं. ती प्रत्येक मापातून दोन वजा करायची."

"मला कधी बोलली नाही."

"तुम्ही कधी काही मोजलंत?"

मिस्त्री पोट धरून हसला. मग इंजिन नि सीट यांच्यामधला पत्रा कापून त्याने गिअरबॉक्स दोन इंच आत घेतला. दोन्ही सीटच्या मध्ये टेकाड आलं. काकांनी त्यावर जाड कापड घातलं, आधी कडक इस्त्री करून.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी काका स्टिअरिंगमागे बसले. ब्रेक सोडला. व्हॅन निघाली. लेक शेजारून चालत होती, आणि व्हॅनच्या पुढे तीच जात होती. तरी कोपरा आला.

"जिंकलात," लेक म्हणाली. "भंगारवाल्याला नको म्हणून कळवते. पण असे गुडघे पोटाशी घेऊन काय बसलात? सीट मागे घ्या की."

बायको ठेंगणी होती. सीट तिने ठेवली होती तिथेच होती.

"घेतो," काका म्हणाले.

सीट मागे घ्यायची अजून राहिली आहे.