सोजराबाईची कुंती

बुलढाण्यात पंचायत समितीची नवी कचेरी झाली, तेव्हा तिच्यापुढं कुंतीची झाडं लावली. उरलेलं एक रोप माळ्याकडून मागून सोजराबाईनं देऊळघाटला आणलं आणि दारापुढं लावलं.

तिचा नवरा मोतीराम वांगी-मिरचीच्या पलीकडं कशाला हात न लावणारा.

"याले खाता येते काय?"

"नाही."

"मंग काऊन लावून राह्यली?"

"बारा महिने हिरवं राह्यते. मले पाहाले."

"पाहाले!" मोतीराम हसत सुटला, तो थेट शेताच्या बांधापर्यंत हसतच गेला.

सोजराबाईनं मनावर घेतलं नाही. शेणखत घातलं, शेळ्यांच्या भीतीनं भोवती बोराटी रोवली, अंघोळीचं पाणी तिकडं वळवलं. तीन-चार वर्षांत झाड कमरेला लागलं. धनगराकडून लोकर कातरायची जुनी कात्री आणून ती त्याला वरचेवर असं गोल गरगरीत करी, की आळीतल्या बाया विचारत, "झाली काय व झाडाची हजामत?" तीही हसे. फूल मात्र कधी धरलं नाही. ते तिला लागे, पण बोलून दाखवत नसे.

एका वैशाखात ती कात्री घेऊन निघाली, तर मोतीराम धावतच आडवा आला.

"थांब! हात नको लावू."

त्यानं हलकेच पानं बाजूला केली. आत वाटीएवढं घरटं, त्यात बुलबुलाची अंडी.

"मी रोज पाहून राह्यलो," तो लाजत म्हणाला.

मग कात्री खुंटीलाच राहिली. मोतीरामनं बैल दुसरीकडं बांधले, मांजरीवर पाळत ठेवली. पिल्लं उडून गेली तोवर पेरणीची घाई लागली, आणि झाड मोकाट वाढलं.

आषाढात एका सकाळी दार उघडलं, तर गोड वासाचा लोट आत शिरला. कुंती शेंड्याशेंड्याला पांढरीशुभ्र फुलली होती. सोजराबाई पाहतच राहिली, आणि मग खदखदून हसायला लागली.

"काय झालं व?" मोतीराम घाबरून बाहेर आला.

"कळ्या शेंड्याले येतेत! आन् मी दरसाल शेंडेच कापून राह्यली होती!"

मोतीरामही हसला. मग रस्त्यानं जाणाऱ्या एकेकाला बोलवू लागला, "इकडं या, वास तर घ्या!" सोजराबाईनं सगळ्यांसाठी चहा टाकला. विहिरीजवळ आणखी रोपं लावायचं तिथंच ठरलं. बाजारात वांगी उशिरा पोचली, पण मोतीरामच्या पागोट्यात कुंतीचा तुरा होता आणि गिऱ्हाईक आधी त्याचंच विचारत होतं.