भाग दोनमधला लाडोबा

मी लाडोबा बोलतोय. हो, तोच, सिनेमातला. ओळख झाली की पंजा द्यायची माझी सवय आहे, पण तुम्ही कागदाच्या पलीकडे बसलात, तेव्हा तो दिला असं समजा. पहिल्या भागाच्या पोस्टरवर सगळ्यात मोठं तोंड माझं होतं. ही बढाई नाही, माझं तोंडच मोठं आहे.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात, फळ्यांच्या ढिगाखाली झाला. आम्ही पाच भावंडं. सिनेमासाठी कुत्री तयार करणारे मास्तर तिथे कपाट दुरुस्त करायला टाकून गेले होते, ते न्यायला आले आणि आमच्यासमोर बसकण मारून बसले. त्यांनी पाच बिस्किटं मांडली आणि म्हणाले, "थांब." चौघांनी झडप घातली. मला काय करायचं ते समजलंच नाही, म्हणून मी बसून राहिलो. मास्तरांना वाटलं, केवढा समजूतदार कुत्रा आहे. माझी सगळी कारकीर्द त्या एका गैरसमजावर उभी आहे.

मग शिकणं सुरू झालं. जमिनीवर रंगीत पट्टीची फुली चिकटवायची, तिच्यावर बसायचं, आणि "चल" ऐकू येईपर्यंत जग इकडचं तिकडे झालं तरी हलायचं नाही. मास्तर मला कधी अरे-तुरे करत नाहीत. "काय साहेब, निघायचं ना?" असं विचारतात, आणि मी नको म्हणू शकत नाही हे त्यांना चांगलं माहीत असतं.

पहिल्या सिनेमात आमचं घर तीन भिंतींचं होतं. चौथ्या भिंतीच्या जागी पन्नास माणसं, दिवे आणि कॅमेरा. टेबलावरची फळं लाकडाची होती, हे मी पहिल्याच दिवशी चावून पाहिलं. त्या घरातले बाबा साबणावरून घसरून पडायचे, आत्या मला बघून कपाटात लपायची, आजोबांची मिशी जेवणाच्या सुट्टीआधी हमखास सुटायची. तावातावाने भांडणारी ही माणसं "कट" म्हटलं की लगेच एकमेकांना चहा विचारायची. इतकं लवकर मिटवता येतं, तर बाहेर ती असं का करत नाहीत, हे मला अजून कळलेलं नाही.

आणि त्या घरात चिमणी होती. आठ वर्षांची. सिनेमात ती माझी मालकीण. तिच्या पिवळ्या स्वेटरच्या खिशात मास्तर उकडलेल्या कलेजीचा तुकडा ठेवायचे, म्हणजे मी तिच्याकडे धावत जावं. आठ-दहा दिवसांनी एकदा ते तुकडा ठेवायला विसरले. मी तितक्याच वेगाने धावलो. मास्तरांनी ते पाहिलं आणि पुढे कलेजी ठेवणंच बंद केलं.

चिमणीचे तेव्हा पुढचे दोन दात पडले होते. बोलताना बारीक शिट्टी वाजायची, त्याची तिला लाज वाटायची. म्हणून कॅमेरा बंद असला की ती कुणाशी फारसं बोलत नसे. माझ्याशी मात्र तासन्‌तास बोलायची. माझ्या पोटावर डोकं ठेवून संवाद पाठ करायची, मध्येच शाळेतल्या कागाळ्या सांगायची, मध्येच झोपून जायची. तिची मान अवघडू नये म्हणून मी श्वाससुद्धा बेताने घ्यायचो. माझ्या आयुष्यात त्याहून चांगले दिवस आले नाहीत.

मास्तरांचा एक नियम आहे. काम संपलं की कलाकाराचा निरोप घेऊ द्यायचा नाही. मूल रडून घर डोक्यावर घेतं, कुत्रा खाणं सोडतो आणि दोघांचं पुढचं काम बिघडतं, असं ते म्हणतात. शेवटच्या दिवशी चिमणी तोंडावरचा रंग पुसायला गेली, तेवढ्यात त्यांनी मला मागच्या दाराने गाडीत बसवलं. मला वाटलं, जेवणाची सुट्टी झाली असेल. खाणं मी सोडायचं ते सोडलंच, चार दिवस.

पाच वर्षं गेली. मी एका रंगाच्या जाहिरातीत भिंतीला पाठ घासली. एका मालिकेत भुताला बघून भुंकलो, म्हणजे मास्तरांच्या हातातल्या छत्रीला बघून भुंकलो. प्रत्येक नव्या ठिकाणी गाडीतून उतरलो की आधी वास घ्यायचो, ती आहे का म्हणून. नसायची. मग एके दिवशी मास्तर खुशीत आले आणि त्यांनी मला बातमी मोठ्याने वाचून दाखवली. दुसरा भाग निघतोय. तेच घर, तीच माणसं. त्या आठवड्यात मी अंगणात लहान पिल्लासारखा गोल गोल फिरलो, आणि मग कंबर धरली म्हणून दोन दिवस पडून राहिलो.

घर खरंच तेच होतं. बाबा होते, आत्या होती, आजोबांना नवी मिशी मिळाली होती. चिमणीच्या खुर्चीवर मात्र दुसरीच एक आठ वर्षांची मुलगी पाय हलवत बसली होती. कथेत एकच वर्ष उलटलं होतं आणि चिमणी आता तेरा वर्षांची, आत्यापेक्षा चार बोटं उंच झाली होती म्हणे. उंची वाढली म्हणून माणसाला घरातून काढतात, हे मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. माझं तोंड पांढरं झालं होतं, पण त्यावर उपाय होता. रोज सकाळी मला काळा रंग फासायचे.

उड्या मारायला माझ्यासारखाच दिसणारा दोन वर्षांचा कुत्रा आणला होता. मास्तर त्याला छोटे साहेब म्हणत. तो वाईट नव्हता, फक्त त्याला सगळ्याचंच हसू यायचं.

मुख्य प्रसंग असा होता: हरवलेला लाडोबा परत येतो आणि फाटकापाशी उभ्या असलेल्या चिमणीकडे धावतो. मी नव्या मुलीकडे गेलो. सात वेळा गेलो. खिशात कलेजी होती, ती खाल्लीही. पण दिग्दर्शकांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाले, हा धावतोय कुठे, हा तर भाजी आणायला निघालाय. तेव्हा कपडेवाल्या मावशींना आठवलं, की पहिल्या भागातला पिवळा स्वेटर त्यांनी न धुता, जसाच्या तसा ट्रंकेत ठेवलाय. तो नव्या मुलीला घातला.

वारा माझ्याकडेच येत होता. त्यानंतर मी काय केलं ते तुम्ही पडद्यावर बघितलंच असेल. कंबर, पाय, वय, काही आठवलं नाही. मी त्या स्वेटरमध्ये नाक खुपसलं. ती मुलगी हसली, आणि ते हसणं दुसऱ्याचं होतं. मी मान वर केली आणि तिच्या खांद्यावरून मागे बघत राहिलो, कारण स्वेटर इथे असेल तर ती जवळच असणार. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हे डोळे बघा, असं दिग्दर्शक म्हणाले. मास्तर तेवढे टाळ्या वाजवत नव्हते. ते माझ्याशेजारी येऊन खाली बसले आणि बराच वेळ माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"चुकलंच माझं, साहेब," ते म्हणाले.

त्यांनी त्याच दिवशी चिमणीच्या आईला फोन केला. शेवटच्या दिवशी ती येणार असं ठरलं. त्या दुपारी माझं काम संपलं होतं. कोमट पाण्याने माझ्या तोंडाचा रंग उतरवला आणि मास्तरांनी मला कोपऱ्यातल्या गोणपाटावर बसवलं. "थांब," म्हणाले, "मी घेऊन येतो तिला." आणि ते पुढच्या फाटकाकडे गेले.

ती मागच्या फाटकाने आली. दिसण्याआधी मला तिचा वास आला. नवे बूट, नवा साबण, आणि त्याखाली ती. माझी शेपटी आपोआप जमिनीवर आपटायला लागली. तिने इकडेतिकडे पाहिलं. पायऱ्यांवर छोटे साहेब सिनेमातला लाल पट्टा घालून बसले होते, काळेभोर तोंड वर करून. ती धावत गेली आणि तिने त्याच्या गळ्यात हात टाकले.

"लाडोबा, तू जराही बदलला नाहीस रे," ती म्हणाली. "मला न सांगता गेलास त्या दिवशी. मी सगळीकडे शोधलं तुला."

छोट्या साहेबांनी तिचं तोंड चाटून काढलं. त्याला काय, कुणीही जवळ घ्यावं. ती हसत होती आणि डोळे पुसत होती. शिट्टी आता वाजत नव्हती.

तुम्ही म्हणाल, उठायचं होतंस, भुंकायचं होतंस. मीही स्वतःला रोज तेच म्हणतो. पण "थांब" म्हटल्यावर "चल" ऐकेपर्यंत उठायचं नाही, हे माझ्या पायांत इतकं भिनलंय की ते माझं ऐकत नाहीत. मी नुसता बारीक आवाजात कुंईकुंई करत राहिलो.

तिच्या आईला घाई होती. जाताना ती माझ्या शेजारून गेली आणि थबकली. दिवे उतरवणाऱ्या काकांना तिने विचारलं, "हे आजोबा कोण?"

"तो होय? मास्तरांचा कुत्रा. बसून असतो बिचारा, गुणी आहे."

ती वाकली. माझ्या डोक्यावर हात ठेवला, दोन श्वास होतील एवढा वेळ. मग आईने हाक मारली आणि ती गेली.

मास्तर धापा टाकत आले. पुढच्या फाटकावर ते अर्धा तास उभे होते. काकांनी सांगितलं, आली होती की, भेटली पण, गळ्यात पडून रडली बघा लाडोबाच्या. मास्तरांचा चेहरा खुलला. इतका खुललेला मी कधी पाहिला नव्हता. ते माझ्यासमोर उकिडवे बसले.

"भेटली ना? चला, एवढं तरी माझ्या हातून नीट झालं."

मी शेपटी हलवली, चांगली जोरात. कुणी न सांगता, कलेजीशिवाय, मी तेवढा एकच अभिनय केला.

आता मी निवृत्त आहे. खिडकीपाशी ऊन येतं तिथे पडून असतो. परतताना गाडीत छोट्या साहेबांच्या मानेला तिच्या हाताचा वास होता, त्यात मी नाक घालून आलो. त्याने नाक घालू दिलं, उपकारच म्हणायचे. आता तो वासही गेला.

दुसरा भाग जोरात चाललाय म्हणतात, लोक पोट धरून हसतात. बाहेर पडताना गर्दीत तुम्हाला एखादी उंच मुलगी भेटेल. लाडोबाला मी भेटून आले, असं ती मैत्रिणींना सांगत असेल. तिला खोटं पाडू नका. मास्तरांना कळेल असंही काही बोलू नका. तिला बाजूला घ्या आणि एवढंच सांगा, की त्या दिवशी कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर तू हात ठेवलास ना, तो बरोबर ठेवलास.