फक्त माती

मी एक जुनी निळी बादली आहे. कडी वाकलेली, काठाला चीर, आणि पोटावर पांढऱ्या रंगात दोन शब्द: फक्त माती. मित्रांनो, असा मान बादलीच्या नशिबी सहसा येत नाही. मला तो माझ्याच एका घोटाळ्यामुळे मिळाला.

दुकानात माझ्यासोबत असलेल्या बहिणी कुणाच्या न्हाणीघरात गेल्या, कुणाच्या विहिरीवर. मला एका शेतकरी काकांनी उचललं आणि माझ्यात खत भरलं. काका मोठे कष्टाळू, पण खताच्या बाबतीत त्यांचा हात सैल. मका पिवळा पडला की त्यांचं औषध एकच: गेल्या वर्षीइतकं खत आणि वरून एक मूठ. शेजारी त्यांना 'वरून एक मूठ' याच नावानं ओळखत. दहा वर्षं मी ते दाणेदार खत वाहिलं. ही बादली मोठी गुणाची, असं काका चारचौघांत सांगत, आणि मलाही वाटे की घरातलं पीक माझ्याच जोरावर उभं आहे.

तरी खालचं शेत काही केल्या ऐकेना. तीन हंगाम तिथल्या मक्याच्या पानांवर पांढुरके पट्टे उठले आणि कणसं बोटाएवढीच राहिली. शेवटी काका वैतागले. वीटभट्टीवाला कधीपासून मागे लागला होता. त्या शेताची वरची माती त्याला देऊन टाकायची, असं त्यांनी ठरवलं.

शेत खरं तर काकांच्या पुतणीच्या वाट्याचं. वडील गेल्यापासून ती काकांच्या बरोबरीनं राबत होती, पण त्या घरात थोरल्यांचा शब्द मोडायची रीत नव्हती. भट्टीत गेलेली माती परत येत नाही, एवढं मात्र तिला पक्कं ठाऊक होतं. माती तपासून घेते, मला एक हंगाम द्या, असं तिनं काकांना विनवलं. काकांनी हंगाम दिला आणि वर बजावलं, की नंतर रडायचं नाही.

पुतणीनं सगळं माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेनं सांगितल्याबरहुकूम केलं. शेतातून नागमोडी चालत दहा जागी वीतभर खड्डे घेतले. बांधाजवळची जागा टाळली, झाडाखालची टाळली. प्रत्येक खड्ड्यातली माती माझ्यात टाकली, नीट कालवली आणि त्यातली अर्धा किलो पिशवीत भरून तिकडे पाठवली. चुकली ती एकाच बाबतीत, आणि ती बाब म्हणजे मी. माझ्या तळाला जुन्या खताचा थर तसाच चिकटलेला होता. मला सगळं कळत होतं, पण बादलीचं तोंड कितीही मोठं असलं तरी तिला जीभ नसते.

अहवाल आला. मातीत जे जे तपासलं ते सगळंच उदंड. काकांनी कागद दोनदा वाचला. एवढं सगळं असून पीक उपाशी कसं, असल्या कागदावर कुठं शेती होते का, असं म्हणत त्यांनी भट्टीवाल्याला निरोप धाडला. चार दिवसांत ट्रक येणार होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुतणी गप्प बसणारी नव्हती. पुन्हा माती काढून ती मला घेऊन तडक प्रयोगशाळेत गेली. तिथल्या तपासनीस बाईंनी चष्मा कपाळावर चढवला, कागद पाहिला, मग मला पाहिलं. मातीत हात घालून त्यांनी माझ्या तळाशी बोट फिरवलं आणि ते पुतणीसमोर धरलं. बोटाला करडे दाणे चिकटले होते.

"हे आकडे शेताचे नाहीत," त्या म्हणाल्या. "खताच्या गोणीचे आहेत."

घरी येऊन पुतणीनं काही लपवलं नाही. बादली न धुताच वापरली, चूक माझी, असं तिनं काकांना सरळ सांगितलं. काकांनी मला उचलून माझा तळ पाहिला. दहा वर्षं मला भरणारे तेच होते.

"धुवायची असते हे मला तरी कुठं माहीत होतं," ते हळूच म्हणाले आणि ट्रक थांबवायला गेले.

मला तीनदा घासलं, उन्हात वाळवलं, आणि मग नव्यानं माती घेतली. या वेळी बाईंनी जस्तही तपासलं, आणि खरं ते बाहेर आलं. स्फुरद म्हणजे फॉस्फरस गरजेपेक्षा कितीतरी जास्त, नत्र म्हणजे नायट्रोजन कमी, आणि जस्त जवळजवळ नाहीच. स्फुरद फार झालं की पिकाला जस्त घेता येत नाही, असं बाईंनी समजावलं. म्हणजे काकांची वरची मूठच पिकाच्या तोंडचा घास काढून घेत होती. बाईंच्या सल्ल्यानं पुतणीनं स्फुरदाचं खत बंद केलं, नत्र मोजून दिलं आणि थोडं जस्ताचं खत घातलं. काकांना ते पटेना. चार ओळी त्यांनी हट्टानं आपल्या पद्धतीनं केल्या.

मका कमरेएवढा झाला, तेव्हा त्या चार ओळी बांधावरून कुणालाही मोजता आल्या. चहूकडे गर्द हिरवं आणि मधे तेवढ्याच फिकट, पट्टेरी. पुढे कणसं वीतभर भरली. शेजारी बघायला आले. भट्टीवालाही आला. काकांनी त्याला सगळ्या शेतातून मिरवत फिरवलं आणि आल्या वाटेनं परत पाठवलं. मित्रांनो, आनंदानं माझी कडी आपोआप वाजायचीच बाकी होती!

त्याच संध्याकाळी काकांनी ब्रश आणला आणि माझ्या पोटावर ते दोन शब्द लिहिले. आता आसपासचे शेतकरी मला मागून नेतात. माझं सांगणं इतकंच: माती खरं बोलते, पण तिचं ऐकायचं भांडं आधी स्वच्छ ठेवा. आणि मूठ उघडण्याआधी तिला विचारा.

आज सकाळी वरच्या शेताची माती काढायची पाळी होती. काकांनी मला स्वतः नळाखाली तीनदा धुतलं, उन्हात पालथं घातलं आणि पुतणीला हाक मारली.

"बादली वाळली की ये. खड्डे मी घेतो. चुकलो तर सांग."